जुळी आहेत म्हणाले आणि चार दिवसांत डाग दिसला: पहिल्या तीन महिन्यांत काय बघायचं, कुठे जायचं, कधी थांबायचं

सहा आठवडे चार दिवस. लोअर परळला ऑफिसच्या वॉशरूममध्ये, दुपारी साडेतीनला, आणि डाग होता चहाच्या चोथ्याच्या पाण्यासारखा, म्हणजे धड लाल नाही धड तपकिरी नाही. चारच दिवस आधी पहिल्या सोनोग्राफीत मॅडम म्हणाल्या होत्या "अरे वा, दोन सॅक दिसतायत", म्हणजे गर्भाभोवतीच्या दोन पिशव्या, जुळी, आणि घरात हे फक्त नवऱ्याला आणि माझ्या आईला माहीत होतं कारण तीन महिने कोणाला सांगायचं नसतं ना. मी तिथेच कमोडवर बसून फोनवर शोधायला लागले आणि वीस मिनिटांत जगातले सगळे वाईट शेवट वाचून काढले, एकही उपयोगाचा नाही. तेव्हा मला जे कोणीतरी सांगायला हवं होतं ते इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की डाग बघून आत काय चाललंय ते कळत नाही. तुम्हाला नाही, आईला नाही, डॉक्टरांनाही नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार अंगावरून जातंच, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं व्यवस्थित होतं. जुळं असेल किंवा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब) असेल तर हे प्रमाण अजून जास्त. आणि जुळ्यात वेगळाच घोळ असा की डाग लागला तरी तो नक्की कोणामुळे, पहिल्याच्या बाजूने की दुसऱ्याच्या, की दोघांचाही काही संबंध नाही आणि गर्भाशयाच्या तोंडाजवळून आलंय, हे बाहेरून सांगायची सोयच नाही. ते सांगते सोनोग्राफी, आणि तीही ठरावीक दिवसांनी केली तरच. मधल्या दिवसांत आपल्याकडे काम एकच, नीट मोजायचं आणि धोक्याची खूण आली की निघायचं.

डाग नीट बघा, किळस बाजूला ठेवून

एक साधा पांढरा पॅड लावा. टॅम्पॉन, कप काही नको, आत काही घालायचं नाही आणि किती जातंय ते दिसायला हवं म्हणून पॅडच. काळा किंवा गडद रंगाचा लायनर असेल तर बदला, त्यावर काही कळत नाही. मग एका वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये लिहा: तारीख, वेळ, रंग, किती (नुसतं पुसल्यावर दिसलं, पॅडवर रुपयाएवढं, अर्धा पॅड, पूर्ण पॅड), गाठी आहेत का, पोटात कळ आहे का आणि कुठे. फोटोही काढून ठेवा, हो पॅडचा, लाज वाटली तरी काढा, डॉक्टरला "थोडंसं लाल" सांगण्यापेक्षा फोटो दाखवला की दोन मिनिटांत काम होतं. मी दोन दिवस लिहिलं नाही आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं काल जास्त होतं का आज, तर मला खरंच सांगता येईना.

तपकिरी किंवा कॉफीसारखा रंग म्हणजे सहसा जुनं रक्त, आत साठलेलं हळूहळू बाहेर येतंय. गुलाबी म्हणजे स्रावात मिसळलेलं. लालभडक म्हणजे आत्ता वाहतंय. लाल म्हणजे संपलं असं नाही आणि तपकिरी म्हणजे बिनधास्त असंही नाही, पण फोनवर सांगताना हा फरक महत्त्वाचा.

आणखी एक, हसू नका, पण रक्त नक्की कुठून येतंय ते आधी बघा. या दिवसांत बद्धकोष्ठ होतो, मूळव्याधीचं रक्त येतं, लघवीला जळजळ होऊन त्यातून रक्त येतं, आणि बाई घाबरून गर्भपिशवीवर ठपका ठेवते. उन्हाळी लागल्यासारखं वाटत असेल तर ते वेगळं सांगा, लघवीची तपासणी करतील. जे योनीमार्गातून प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे गर्भ टिकायला मदत करणाऱ्या हार्मोनच्या, गोळ्या घेतायत त्यांच्याकडून पांढरट चोथा येतो, कधी त्यात किंचित गुलाबी असतं, ते गोळी सरकवताना खरचटल्यामुळेही असतं. आतून सोनोग्राफी झाल्यावर किंवा नवऱ्याजवळ गेल्यावर एखादा दिवस डाग लागू शकतो, कारण गर्भाशयाचं तोंड या काळात नाजूक असतं.

यातलं काही झालं तर ही पोस्ट बंद करा आणि निघा

तासाभरात एक पूर्ण पॅड भिजतोय आणि असं दोन तास सलग. ओटीपोटात एकाच बाजूला टोचल्यासारखं सतत दुखतंय. खांद्याच्या टोकाला, म्हणजे मानेजवळ नाही अगदी टोकाला, विनाकारण दुखायला लागलंय. चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, घाम. ताप आणि घाण वासाचा स्राव. यातलं एकसुद्धा असेल तर "सकाळी बघू" नाही.

खांद्याचं काय मध्येच, असं मलाही वाटलं होतं. नळीत गर्भ राहिला आणि नळी फुटली तर पोटात रक्त साठतं, त्याने छाती आणि पोटाच्या मधला पडदा डिवचला जातो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. आता तुम्ही म्हणाल माझ्या तर पिशवीत दिसलंय, मग नळीत कसं असेल. इथेच जुळ्यांची गोष्ट वेगळी होते. एक गर्भ पिशवीत आणि दुसरा नळीत असं होऊ शकतं, आपोआप राहिलेल्या गरोदरपणात ते फारच दुर्मिळ, पण आयव्हीएफमध्ये दोन एम्ब्रियो (लॅबमध्ये वाढवलेले गर्भ) सोडले असतील तर तितकं दुर्मिळ नाही. म्हणून "एक आत आहे ना, मग झालं" असं धरून दुखणं अंगावर काढू नका, आणि सोनोग्राफी करणाऱ्याला स्पष्ट सांगा की किती एम्ब्रियो ट्रान्सफर केलेत, तो मग दोन्ही बाजू नीट बघतो.

मुंबईत राहता तर हे आधीच ठरवून ठेवा

ज्या डॉक्टरांकडे नाव घातलंय त्यांचं नर्सिंग होम रात्री चालू असतं का, तिथे रात्री कोण असतं, रक्त लागलं तर कुठून येतं, हे दिवसा विचारून ठेवा. नसेल तर चोवीस तास इमर्जन्सी असलेलं दुसरं हॉस्पिटल ठरवा. मोठी सरकारी आणि पालिकेची आहेतच, परळला केईएम आणि वाडिया मॅटर्निटी, शीवला सायन हॉस्पिटल, मुंबई सेंट्रलला नायर, जुहूकडे कूपर, सीएसएमटीजवळ कामा. शक्यतो रुळांच्या आपल्याच बाजूचं निवडा. हे ऐकायला फालतू वाटतं पण पूर्वेकडून पश्चिमेला जायला संध्याकाळी सातला फाटक नाही, पूल जाम, तेव्हा कळतं. पावसाळा असेल तर हिंदमाता, गांधी मार्केट तुंबल्यावर परळला पोचायचं कसं याचाही विचार करा. १०८ ची अँब्युलन्स फुकट आहे, नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही सेव्ह असू दे.

एक प्लास्टिकची फाइल दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवा. त्यात सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, ब्लड ग्रुपचा कागद, चालू गोळ्यांची यादी, आधार कार्डची झेरॉक्स, दोन पॅड आणि थोडी कॅश. आमच्याकडे ती फाइल जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याला होती आणि सासूबाई रोज विचारायच्या हे काय लटकवलंय, त्यांना तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

फोनवर काय बोलायचं

"डॉक्टर मला ब्लीडिंग होतंय" असं रडत सांगितलं की समोरून पहिला प्रश्न येतो किती, आणि आपण म्हणतो खूप. त्यापेक्षा कागद समोर घ्या आणि असं सांगा: पाळीची शेवटची तारीख अमुक, आज सहा आठवडे चार दिवस, सोनोग्राफीत दोन सॅक दिसल्यात, आज साडेतीनपासून तपकिरी डाग, पॅडवर रुपयाएवढा, दुखत नाहीये, ब्लड ग्रुप अमुक, गोळ्या या या चालू. आयव्हीएफ असेल तर पाळीपेक्षा ट्रान्सफरची तारीख सांगा, पाच दिवसांचा एम्ब्रियो असेल तर ट्रान्सफरच्या दिवशी दोन आठवडे पाच दिवस धरतात, तिथून पुढे मोजायचं.

ब्लड ग्रुप मुद्दाम सांगायचा कारण तुम्ही निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न येतो, म्हणजे आईच्या रक्ताने बाळाच्या रक्ताविरुद्ध काही तयार करू नये म्हणून देतात ते. रक्त गेल्यापासून ७२ तासांच्या आत ते द्यायचं असतं. बारा आठवड्यांच्या आत आणि नुसतेच डाग असतील तर बरेच डॉक्टर देत नाहीत, काही देतात, पण निर्णय त्यांना घेऊ दे, तुम्ही सांगितलंच नाही असं नको.

इकोस्प्रिन किंवा पोटात घ्यायची हेपारिनची इंजेक्शनं चालू असतील तर तेही आत्ताच सांगा. रक्त पातळ करणारी औषधं आहेत. स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका. दुखतंय म्हणून घरातली कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लो काही घेऊ नका, पॅरासिटामॉल चालते पण तीही विचारून.

सोनोग्राफीचा दिवस

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणतंही सेंटर गरोदर बाईची सोनोग्राफी करत नाही आणि करूही नये, १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे आधी फॉर्म एफ भरावा लागतो, ओळखपत्र लागतं, आणि गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून सही द्यावी लागते. हातात डाग लागलेला पॅड आणि समोर फॉर्म, वैताग येतो, पण कायदा चांगल्यासाठी आहे, पेन घरून न्या. रविवारी एरियातली बहुतेक सेंटर बंद किंवा अर्धा दिवस असतात, तेव्हा थेट हॉस्पिटलच.

आता एक उपयोगाची टीप. रिसेप्शनवरची मुलगी सवयीने सांगते "मॅम पाणी पिऊन बसा, लघवीला जाऊ नका". पोटावरून सोनोग्राफी असेल तर बरोबर आहे. पण आठ आठवड्यांच्या आत बहुतेक वेळा आतून करतात आणि त्याला लघवीची पिशवी रिकामी लागते. मी दोन बाटल्या पाणी पिऊन दीड तास पाय आवळून बसले, मग आत गेल्यावर म्हणाल्या आधी वॉशरूमला जाऊन या. तर विचारून घ्या, आतून की वरून. आणि आतून केल्याने गर्भाला धक्का बसत नाही, प्रोब गर्भाशयाच्या तोंडाच्या खालीच राहतो. डाग लागत असतानाही करतात, पॅड घालून जा, ते रोज बघतात.

आतल्या खोलीत एसी फुल, दिवे बंद, पडदा, आणि त्या बाईंचा चेहरा स्क्रीनच्या उजेडात निळा. काही बोलत नाहीत म्हणून जीव जातो. पण दोन गर्भ मोजायचे म्हणजे वेळ लागतो, गप्प आहेत म्हणजे वाईट आहे असं नाही. माझ्या वेळी तर की-बोर्डचं एक बटण अडकत होतं म्हणून त्या वैतागल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

रिपोर्ट कसा वाचायचा

मराठीत एक गंमत अशी की गर्भाशयालाही पिशवी म्हणतात आणि गर्भाभोवतीच्या सॅकलाही पिशवी. आई विचारते "दोन पिशव्या आहेत का गं" आणि तिला वाटतं गर्भाशयंच दोन. मी इथे सॅकच म्हणते.

साधारण पाच आठवड्यांना सॅक दिसते, साडेपाचच्या आसपास त्यात गोल कड्यासारखी योक सॅक, आणि सहाच्या सुमाराला बारीक गर्भ आणि ठोके. दोन-चार दिवस इकडेतिकडे. म्हणून पाच आठवडे पाच दिवसांना "ठोके दिसत नाहीत" याला काही अर्थच नाही, अजून वेळच झाली नाही. आणि जुळ्यात एक थोडं पुढे एक थोडं मागे असं असतं, तारीख ठरवताना मोठ्याच्या मापावरून ठरवतात. एक-दोन मिलिमीटरचा फरक बघून रात्रभर जागू नका, फरक बराच असेल तर डॉक्टर लवकर परत बोलावतील.

मग डॉक्टर कधी म्हणतात की नाहीये? त्याला ठरलेली मापं आहेत. गर्भाची लांबी, रिपोर्टमध्ये सीआरएल लिहिलेलं असतं, ती ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोके नाहीत. किंवा सॅकचं सरासरी माप २५ मिलिमीटर किंवा जास्त आणि आत गर्भच नाही. त्याच्या आत असेल तर कोणीही ठामपणे "संपलं" म्हणायचं नाही, परत बोलवायचं. परत कधी, त्यालाही हिशोब आहे: योक सॅक दिसली होती पण ठोके नव्हते तर ११ दिवसांनी किंवा नंतर, नुसती रिकामी सॅक होती तर १४ दिवसांनी. तेव्हाही ठोके असलेला गर्भ नसेल तर मग नाही. जुळ्यात हे प्रत्येक सॅकला वेगवेगळं लावायचं. हे आकडे मला आधी माहीत असते तर मी डॉक्टरांवर चिडले नसते, मला वाटत होतं त्या टाळतायत. माझी मापं या आकड्यांच्या आत होती, त्या ठाम काही बोलूच शकत नव्हत्या. त्यामुळे कोणी घाईने गोळ्या घेऊन मोकळं व्हा म्हटलं आणि मापं याच्या आत असली तर दुसरं मत घ्या. जुळ्यात तर शेजारी दुसरं धडधडतंय, तेव्हा शंभर वेळा विचारा.

डाग लागल्यानंतरच्या बुधवारी सोनोग्राफी झाली, त्या रिपोर्टवर लिहिलं होतं: पहिलं ७ मिलिमीटर, ठोके १२२. दुसरं ३ मिलिमीटर, योक सॅक आहे, ठोके नक्की सांगता येत नाहीत. आणि शेजारी छोटं सबकोरिऑनिक हिमॅटोमा. हा शब्द वाचून माझी गाळण उडाली. म्हणजे काय तर वार (प्लॅसेंटा) जिथे धरू लागते तिथे आवरण आणि गर्भाशयाच्या भिंतीच्या मध्ये साठलेलं थोडं रक्त. डाग बहुतेक तिथूनच. छोटं असेल तर बऱ्याचदा आपोआप जिरतं किंवा तपकिरी होऊन बाहेर येतं, आठवडे लागतात. मोठं असेल तर जास्त लक्ष ठेवतात. विचारायचं काय, तर सॅकच्या मानाने ते केवढं आहे, आणि मागच्या वेळेपेक्षा वाढलं की कमी झालं.

अजून एक विचारून लिहून घ्या: वार दोन की एक. रिपोर्टमध्ये डीसीडीए म्हणजे दोघांची वार आणि आवरणं वेगळी, एमसीडीए म्हणजे वार एक आणि आवरणं वेगळी. हे ११ ते १४ आठवड्यांत सगळ्यात नीट दिसतं, पुढे अवघड होत जातं. सोनोग्राफीत पडदा वारेला जिथे मिळतो तिथे त्रिकोणासारखा जाड भाग दिसला तर वारा दोन, इंग्रजी टी सारखा बारीक जोड असेल तर एक. एक वार असेल तर सोळा आठवड्यांपासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते कारण एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाण्याचा धोका असतो. हा प्रश्न डागाच्या गडबडीत सगळे विसरतात.

बीटाच्या मागे धावू नका

बीटा एचसीजी म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनची रक्ततपासणी, तिचा एक आकडा काहीच सांगत नाही. जुळ्यात तो जास्त असतो पण "एवढा म्हणजे जुळी" अशी रेषा नाही. सॅक दिसायच्या आधी ४८ तासांच्या अंतराने दोनदा केला तर वाढ बघतात, आणि आकडा मोठा झाला की वाढ आपोआप मंदावते, दुप्पट नाही झाला म्हणून रडू नका. एकदा ठोके दिसले की बीटा करण्यात पैसे घालवू नका. जुळ्यात तर एक थांबलं आणि दुसरं मस्त वाढतंय तरी आकडा मंदावू शकतो, मग चांगल्या बाळासाठी पण तुम्ही रडत बसाल. माझ्या ओळखीच्या एकीने दर दोन दिवसांनी लॅबवाला घरी बोलवला, हात काळेनिळे, आणि शेवटी उत्तर सोनोग्राफीनेच मिळालं.

घरी ठोके ऐकायचं डॉप्लर मशीन ऑनलाइन मिळतं, घेऊ नका. इतक्या लवकर ऐकू येत नाही, आणि आलं तरी जुळ्यात एकच दोनदा ऐकताय का दोघांचे वेगळे, कळणार नाही.

औषध, झोपणं, आणि घरचे

प्रोजेस्टेरॉन आपल्याकडे जवळपास सगळ्यांना देतात. ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर मोठी चाचणी झाली, २०१९ साली निकाल आला, त्यात सरसकट सगळ्यांना ठोस फायदा दिसला नाही, पण ज्यांना आधी मिसकॅरेज झालेत आणि आता डाग लागतायत त्यांना फायदा दिसला, आधीचे जितके जास्त तितका जास्त. त्यामुळे तुमचं आधी काही झालं असेल तर ते लपवू नका, सासरी माहीत नसलं तरी डॉक्टरला माहीत हवं. गोळी दिलीय तर वेळेवर घ्या, आयव्हीएफवाल्यांनी तर मध्येच अजिबात सोडू नका.

पूर्ण झोपून राहिल्याने मिसकॅरेज थांबतं असं कुठेही सिद्ध झालेलं नाही. मला आईने आठ दिवस बेडवरून उठू दिलं नाही, पायाखाली उशी, जेवणाचं ताट हातात, त्याने माझी कंबर धरली आणि बद्धकोष्ठ वाढला, बाकी काही नाही. जड उचलू नका, संबंध डाग थांबेपर्यंत नको, दगदग कमी करा, पण चालतं-फिरतं राहा. लोकलची गर्दी मात्र खरंच टाळा. धक्क्याने पोट पडतं म्हणून नाही, चक्कर येऊन पडलात तर धरायलाही जागा नसते म्हणून. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं, पोट दिसत नसतं म्हणून लोक खेकसतात, फाइल दाखवा. आणि नोकरी असेल तर एचआरला विचारा, मातृत्व लाभाच्या नियमांत गरोदरपणातल्या आजारपणासाठी प्रमाणपत्र दिल्यावर एक महिन्यापर्यंत पगारी रजा वेगळी आहे, नेहमीच्या २६ आठवड्यांव्यतिरिक्त. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी सगळी सीएल संपवली.

मग येतात प्रश्न. पपई खाल्लीस का. जिना चढलीस का. अमावस्येला बाहेर गेली होतीस. सासूबाईंना कळल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तरी म्हटलं होतं जुळं केळं खाऊ नको, खाल्लं की जुळी होतात आणि मग हे असं." मला हसू पण आलं आणि रडू पण. सुरुवातीच्या मिसकॅरेजमागे बहुतेक वेळा गर्भातल्या क्रोमोझोमचा दोष असतो, तो गर्भ धरतानाच ठरलेला असतो, केळं आणि जिना यांचा काही संबंध नाही. हे घरच्यांना डॉक्टरच्या तोंडून ऐकवा, नवऱ्याला सोबत न्या, त्याच्या कानावर पडलं की तो पुढे आईला सांगतो आणि तुम्हाला भांडावं लागत नाही.

मधले दिवस कसे काढायचे याला माझ्याकडे फार उपाय नाही. मला बारा दिवस थांबायचं होतं. मी एक केलं, पॅड बघायच्या वेळा ठरवल्या, सकाळ, दुपार, रात्री, आणि लघवीला गेल्यावर. त्याच्या मध्ये उगाच जाऊन बघायचं नाही. आणि नवऱ्याला सांगितलं की रोज "कसं आहे" विचारू नकोस, वाढलं तर मी सांगेन. तो तेव्हापासून नुसता मोसंबी सोलून आणून ठेवायचा, काही बोलायचा नाही.

दोनातलं एक राहिलं नाही तर

हे जितकं वाटतं तितकं दुर्मिळ नाही. फार लवकर सोनोग्राफी केली की जी जुळी दिसतात त्यातल्या साधारण पाचात एक ते तीनात एक ठिकाणी पुढे एकच बाळ राहतं. पूर्वी एवढ्या लवकर सोनोग्राफी होतच नसे म्हणून बायकांना कळायचंही नाही, दोन दिवस डाग लागून गेले एवढंच. वारा वेगळ्या असतील आणि हे पहिल्या तीन महिन्यांत झालं तर राहिलेल्या बाळाचं सहसा छान होतं. थांबलेलं शरीरात जिरून जातं, क्युरेटिंग (गर्भाशय साफ करणं) करायचं नसतं, करायचंच नाही. वार एकच असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फीटल मेडिसिनच्या, म्हणजे पोटातल्या बाळाच्या तज्ज्ञ डॉक्टरला दाखवा.

सोमवारी आम्ही परत गेलो. आठ आठवडे तीन दिवस. पहिलं १९ मिलिमीटर, ठोके १७०, मॅडमनी आवाज ऐकवला. मग प्रोब सरकवला आणि दुसरी सॅक आली स्क्रीनवर, आतलं होतं तेवढंच होतं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं, दोनदा मोजलं, आणि म्हणाल्या "हे थांबलंय." बाहेर रिसेप्शनवर पुढची पेशंट फॉर्म भरत होती आणि मुलगी तिला सांगत होती पाणी पिऊन बसा.

लोक म्हणतात एक तरी आहे ना. खरंय, आहे. पण त्या दिवशी आनंद आणि दुःख एकाच कागदावर टाइप करून मिळालं होतं आणि नक्की कशाची प्रतिक्रिया द्यायची ते आम्हाला जमलं नाही, आम्ही सरळ जाऊन उडप्याकडे इडली खाल्ली. तुम्हाला रडावंसं वाटलं तर रडा, नाही वाटलं तरी चालतं. डाग नंतरही दोन-तीन आठवडे अधूनमधून लागले, तपकिरी, ते अपेक्षित होतं हे आधी विचारून ठेवल्यामुळे तेव्हा धावत गेलो नाही.

आणि ही शेवटची गोष्ट, जी बहुतेक जणी विसरतात. तो पहिला "दोन सॅक" लिहिलेला रिपोर्ट बघवत नाही म्हणून फाइलमधून काढून टाकू नका. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला एनटी स्कॅन (सोनोग्राफी), डबल मार्कर किंवा एनआयपीटी (रक्ताच्या टेस्ट) होते, बाळात क्रोमोझोमचा दोष असण्याची शक्यता किती ते बघायला. थांबलेल्या गर्भाच्या वारेचे अंश आईच्या रक्तात काही आठवडे राहतात आणि त्यामुळे रक्ताच्या या टेस्ट चुकीच्या वाईट येऊ शकतात, मग तुमच्या चांगल्या बाळावर उगाच संशय. फॉर्मवर गर्भ किती असा रकाना असतो, तिथे नुसतं एक लिहू नका, "आधी दोन, एक आठ आठवड्यांना थांबलं" असं लिहा आणि रक्त घेणाऱ्याला तोंडानेही सांगा. माझ्या वेळी त्या मुलाने रकान्यात १ टाइप करून टाकलं होतं, मी काउंटरवर उभी राहून बदलायला लावलं, मागे रांग होती, लोक चुळबुळ करत होते, केली तर केली.